ट्यूलिपच्या कंदापायी हॉलंड बुडालं नव्हतं

शेअर बाजार जरा तापला, एखादा आयपीओ शंभरपट भरला किंवा बिटकॉइनने उसळी मारली की एक गोष्ट फोनवर हमखास फिरायला लागते. तपशील इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच. सतराव्या शतकात हॉलंडला ट्यूलिपच्या फुलांचं वेड लागलं. सरदारांपासून धुराडी साफ करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी घरदार विकून कंद घेतले. एकेका कंदाला बैल, डुकरं, गहू, लोणी, चीज आणि वर चांदीचा पेला मोजला गेला. एका खलाशाने तसला कंद कांदा समजून खाल्ला आणि तो तुरुंगात गेला. मग १६३७ च्या फेब्रुवारीत एका दिवसात भाव कोसळले, हजारो लोक देशोधडीला लागले, कित्येकांनी कालव्यात उड्या घेतल्या आणि देशाची अर्थव्यवस्था बसली. शेवटी हात जोडून तात्पर्य: लोभ वाईट.

लोभ वाईटच. माझी तक्रार गोष्टीबद्दल आहे. भाव चढले आणि पडले एवढं खरं. बाकीचा बहुतेक मालमसाला त्याच वर्षी छापलेल्या टवाळखोर पत्रकांतून आला आहे, आणि पुढच्या दोनशे वर्षांत जो तो त्याला मीठमिरची लावत गेला. टवाळी करणाऱ्याचं बोलणं साक्षीदाराची जबानी म्हणून वाचलं की असंच होतं. तर एकेक मुद्दा घेऊ.

"सगळा देश वेडा झाला होता"

ट्यूलिप मुळात डच नव्हेच. ते उस्मानी साम्राज्यातून युरोपात आलं. कारोलस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडनच्या विद्यापीठात आला, तिथली बाग त्याच्या देखरेखीखाली लागली आणि पुढच्या वसंतात तिथे ट्यूलिप फुलले. त्याचे कंद चोरीला जात, म्हणजे हौशी लोकांचा डोळा तेव्हापासूनच होता. पण हे हौशी लोक कोण? शंखशिंपले, नाणी, चित्रं जमवणारे, खिशात पैसा आणि घरामागे बाग असलेले.

अ‍ॅन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी हार्लेम, ॲम्स्टरडॅम, एन्कहाउझन इथल्या नोटरींचे जुने दस्त उपसले. ट्यूलिपच्या धंद्यात प्रत्यक्ष उतरलेली माणसं त्यांना सापडली ती सुमारे ३५०. प्रत्येक गावाचे कागद काही बघितलेले नाहीत, तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार, असं त्या स्वतःच सांगतात. दहापट धरा. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात तरीही ती मूठभरच माणसं होतात. त्यांत व्यापारी, बिअर गाळणारे, कापडवाले, रंगारी, बेकरीवाले, चित्रकार, नोटरी असे लोक आहेत. बरेच जण मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे आणि एकमेकांचे सोयरे. सरदार जवळपास नाहीत. धुराडी साफ करणारा एकही नाही. मोलकरीणही नाही.

धंदा चालायचा गुत्त्यांमध्ये. ॲम्स्टरडॅमच्या एक्स्चेंजवर ट्यूलिपचा सौदा होत नसे. आपल्याकडच्या डब्बा ट्रेडिंगसारखाच हा प्रकार: एक्स्चेंजच्या बाहेर, ओळखीपाळखीवर, तोंडी शब्दावर. सौद्याची एक रीत तर मजेशीरच आहे. देणारा आणि घेणारा दोघांना एकेक लाकडी पाटी मिळायची. त्यावर खडूने आपापला भाव लिहायचा. मग दोघं एकेक मध्यस्थ नेमायचे आणि ते मध्यस्थ आपसात बोलून मधला भाव ठरवून पाटीवर टाकायचे. दोघांनी खडू तसाच ठेवला तर सौदा पक्का, दोघांनी पुसला तर रद्द. एकानेच पुसला तर त्याने दुसऱ्याला दंड द्यायचा. सौदा पक्का झाला की घेणाऱ्याने 'दारूचे पैसे' काढायचे, फार तर तीन गिल्डर (गिल्डर हे तिथलं नाणं). त्यातून वाइन, तंबाखू, शेकोटीची लाकडं, मेणबत्त्या आणि गोरगरिबांसाठीही थोडंसं. इतक्या शिस्तीत, पंच नेमून, दंड ठरवून चाललेल्या व्यवहाराला उन्माद म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. दारू पोटात गेल्यावर खडू पुसायचा राहिला, असं होत असेल. तो भाग वेगळा.

"एका कंदाला चार बैल, आठ डुकरं, बारा मेंढ्या…"

ही यादी गोष्टीतला सगळ्यांत चविष्ट घास आहे, म्हणून पूर्ण देतो. दोन लास्ट गहू, चार लास्ट राय नावाचं धान्य (लास्ट हे धान्याचं मोठं जहाजी माप), चार धष्टपुष्ट बैल, आठ डुकरं, बारा मेंढ्या, दोन पिंपं वाइन, चार पिंपं बिअर, दोन पिंपं लोणी, हजार पौंड चीज, गादीसकट पलंग, कपड्यांचा एक जोड आणि चांदीचा पेला. बेरीज २५०० गिल्डर. 'व्हाइसरॉय' जातीच्या एका कंदाची ही किंमत म्हणून सांगतात.

जरा डोळ्यांसमोर आणा. कंद विकणारा हार्लेमचा कापडव्यापारी. त्याच्या दारात बैल, डुकरं आणि मेंढ्या उभ्या, मागून लोण्याची पिंपं येताहेत. तो हे ठेवणार कुठे? आणि हिशेब बरोब्बर २५०० वर कसा काय बसला? असा सौदा कधी झालाच नव्हता. त्या काळच्या एका पत्रकाने वाचकाला चिमटा काढायला हा हिशेब मांडला होता: बाबा रे, एका फुलाला तू एवढे पैसे देतोस, त्यात बघ संसाराला काय काय आलं असतं. पत्रकातलं 'आलं असतं' पुढच्या लेखकांच्या हातात 'दिलं' झालं. यादी तीच, क्रियापद तेवढं बदललं.

खरे भाव किती होते? चढेच होते. गोल्डगार यांच्या हिशेबात सर्वांत महागड्या कंदाचा भाव ५००० गिल्डरच्या आसपास जातो, म्हणजे चांगल्या घराची किंमत. पण ३०० गिल्डरांहून जास्त खर्च करणारी माणसं त्यांना मिळाली फक्त ३७. तीनशे गिल्डर म्हणजे कसबी कारागिराची वर्षाची कमाई. बाकीच्यांचे सौदे त्याहून लहान.

ज्या चढ्या भावांचे आकडे आपण वाचतो त्यातले पुष्कळसे एकाच लिलावातले आहेत. आल्कमारचा वाउटर विंकेल हा खानावळवाला वारला, त्याची सात मुलं पोरकी झाली, आणि त्यांच्यासाठी ५ फेब्रुवारी १६३७ रोजी त्याच्या संग्रहातले कंद लिलावात काढले गेले. एकूण बोली गेली ९०,००० गिल्डरपर्यंत. 'आडमिरल फान एन्कहाउझन' ५२०० ला, एक व्हाइसरॉय ४२०३ ला. गंमत म्हणजे हार्लेममध्ये बोली लावायला माणूस मिळेनासा झाला तो याच्या दोनच दिवस आधी. आल्कमारच्या त्या मुलांच्या हातात यातले किती गिल्डर पडले असतील? बहुधा फारसे नाही. पण लिलावाच्या भावांची यादी छापून निघाली, आणि छापलेला भाव हा मोजलेला पैसा समजला गेला.

"खलाशाने कांदा समजून कंद खाल्ला"

गोष्ट अशी सांगतात: एका धनाढ्य व्यापाऱ्याला खलाशाने जहाज आल्याची खुशखबर दिली, व्यापाऱ्याने खूश होऊन त्याला एक हेरिंग मासा दिला. खलाशाने जाता जाता गल्ल्यावरचा 'कांदा' उचलला, बंदरावर बसून माशाबरोबर खाल्ला. तो निघाला ३००० फ्लोरिनचा (फ्लोरिन म्हणजे गिल्डरच) 'सेम्पर ऑगस्टस'. खलाशी काही महिने आत.

सेम्पर ऑगस्टस म्हणजे पांढऱ्या पाकळ्यांवर लाल ज्वाळा उठलेलं फूल. निकोलास फान वासेनार हा ॲम्स्टरडॅमचा बखरकार १६२४ मध्ये लिहितो की याचे बाराच कंद आहेत आणि एकेकाचा भाव १२०० गिल्डर. म्हणजे गावात ज्याची चर्चा व्हावी अशी चीज. ती मालकाने उघड्या गल्ल्यावर रेशमाच्या ठाणांमध्ये टाकून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात लागू दिला? दुसरं, डच खलाशाला कांदा ओळखू येत नाही? हेरिंगबरोबर कच्चा कांदा हे त्यांचं रोजचं खाणं. पहिल्याच घासाला थुंकला असता. शिवाय ही कथा १६३७ च्या कागदांत नाहीच. ती बऱ्याच नंतरच्या एका प्रवासवर्णनातून पुढे आली.

ट्यूलिपचे कंद डच लोकांनी खरोखर खाल्ले, पण ते तीनशे वर्षांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली तेव्हा. तेव्हा युद्धामुळे कंद विकलेच जात नव्हते, कोठारं भरलेली होती. मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, उरलेलं उकडायचं, कुटायचं, सूप नाहीतर भाकरीसारखं काहीतरी करायचं, अशा कृती छापून वाटल्या गेल्या. त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीने गेली. फॉरवर्ड करणाऱ्यांना ट्यूलिप खाण्याचीच गोष्ट हवी असेल तर ही घ्यावी. हिला साक्षीदार आहेत.

"फुलात काय आहे? निव्वळ वेड"

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथे आहे.

त्या काळी एकरंगी ट्यूलिप स्वस्त होते. भाव होता तो चित्रविचित्र पट्टे उठलेल्या फुलांना. आणि हे पट्टे कुठून येतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. यंदा साधं लाल फूल देणारा कंद पुढच्या वर्षी एकदम ज्वाळा दाखवायचा. बागवाल्यांनी नाना उपाय केले. कबुतराची विष्ठा घातली, जुन्या भिंतीच्या गिलाव्याचा भुगा घातला. काहींनी लाल आणि पांढऱ्या फुलांचे कंद अर्धे चिरून एकमेकांना बांधून लावले.

उत्तर मिळालं ते १९२८ मध्ये, लंडनच्या जॉन इन्स संस्थेत. डोरोथी केली यांनी पट्टेवाल्या ट्यूलिपचा अर्धा कंद साध्या ट्यूलिपच्या अर्ध्या कंदावर कलम केला आणि साध्यालाही पट्टे आले. म्हणजे हा रोग होता. विषाणू. मावा तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेतो. पाकळीत खाली पांढरा किंवा पिवळा रंग असतोच, त्यावर लाल-जांभळ्याचा थर चढतो. विषाणूमुळे हा वरचा थर नीट धरत नाही, कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यातून त्या ज्वाळा निघतात. कंदाची अर्धुकं बांधणारे ते बागवाले उत्तराच्या अगदी उंबऱ्यावर होते. फक्त त्यातलं एक अर्धुक रोगट हवं, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

आता याचा भावाशी संबंध बघा. ट्यूलिप बियांपासून लावलं तर फुलायला सहा-सात वर्षं सहज जातात आणि विषाणू बियांतून उतरत नाही. म्हणजे सेम्पर ऑगस्टसच्या बियांतून सेम्पर ऑगस्टस येत नाही. तो हवा तर मूळ कंदाला फुटलेली पिल्लंच घ्यावी लागतात. आणि रोगट कंद अशक्त, पिल्लं कमी देतो. जितकं फूल सुंदर तितकी त्याची वाढ खुंटलेली. सेम्पर ऑगस्टसचे बारा कंद वर्षानुवर्षं बाराच्या आसपास का राहिले, ते यातून कळतं. खुद्द निसर्गानेच पुरवठा आवळून धरला होता. पैसेवाले शौकीन बरेच आणि माल मूठभर, मग भाव चढणार नाही तर काय?

कंद वजनावर विकला जाई त्यामागेही हिशेब होता. वजनाचं माप 'आस', म्हणजे ग्रॅमचा साधारण विसावा भाग. भाव ठरायचा तो लावणीच्या वेळच्या वजनावर. शरद ऋतूत लावलेला कंद जूनमध्ये उपटेपर्यंत जमिनीत फुगतो, पिल्लं धरतो. तेव्हा लावणीच्या वजनाला दिलेला चढा भाव म्हणजे पुढच्या वाढीचाही भाव. हे न समजता नुसता आकडा वाचला की वेडेपणा वाटतो. पीटर गार्बर या अर्थशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हेच मांडलं: दुर्मीळ जातीला सुरुवातीला प्रचंड भाव, पुढे पिल्लं वाढत गेली की उतरता भाव, ही कंदांच्या धंद्याची नेहमीची चाल आहे. पुढच्या शतकात हायसिंथच्या नव्या जातींचंही तेच झालं.

आज हॉलंडच्या शेतात वसंतात माणसं सरींमधून चालत जाऊन विषाणू लागलेलं एकेक झाड हुडकून उपटून टाकतात. १६३० च्या दशकात ज्या पट्ट्यांसाठी घराची किंमत मोजली, ते पट्टे आज दिसले की झाड कचऱ्यात. बाजारात 'रेम्ब्राँ ट्यूलिप' म्हणून मिळतात ते पट्टे असलेले पण निरोगी वाण. खरे जुने रोगट वाण पाहायचे तर लिमेन गावच्या जतनबागेत जावं लागतं. तिथे १६२० च्या काळातलं 'झोमरस्कून' अजून फुलतं. सेम्पर ऑगस्टस मात्र नामशेष झालं.

"एका दिवसात हजारो भिकेला लागले, कालव्यात उड्या"

कालव्यातल्या आत्महत्यांची एकही नोंद नाही. तो मुद्दा इथेच संपला.

भिकेला लागण्याचं बघू. फेब्रुवारीत कंद कुठे असतात? जमिनीत. जूनमध्ये उपटायचे, तेव्हा ताबा, तेव्हा पैसे. हिवाळाभर चाललेले सौदे म्हणजे 'जूनमध्ये मी कंद देईन, तू पैसे दे' असा शब्द. डच लोक याला वाऱ्याचा व्यापार म्हणत. फेब्रुवारीत भाव पडले तेव्हा बहुतेकांच्या खिशातून अजून पैसा गेलेलाच नव्हता. गेला असेल तर दारूचा. ज्याने १०० ला घेऊन २०० ला पुढे विकला त्याचे शंभर बुडाले खरे, पण ते हातात कधी आलेलेच नव्हते.

मग भांडणं लागली. २४ फेब्रुवारीला निरनिराळ्या गावांच्या बागवाल्यांचे प्रतिनिधी ॲम्स्टरडॅममध्ये जमले. तोडगा निघाला तो असा: ३० नोव्हेंबर १६३६ आधीचे सौदे पुरे करायचे, त्यानंतरच्या सौद्यांत घेणाऱ्याला १० टक्के देऊन मोकळं होता येईल. ॲम्स्टरडॅमवाल्यांनी सही केलीच नाही. एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं की गावांनी आधी माहिती गोळा करावी, तोवर सौदे तहकूब. शेवटी मे १६३८ मध्ये हार्लेमच्या नगरपालिकेने साडेतीन टक्के भरून सौदा मोडायला परवानगी दिली. शंभर गिल्डरच्या सौद्यामागे साडेतीन गिल्डर. याने कोणी देशोधडीला लागत नाही.

लागलं ते दुसरं काहीतरी. जूनमध्ये विकणारा माणूस नोटरी आणि साक्षीदार घेऊन घेणाऱ्याच्या दाराशी जाई: कंद उपटलेत, घे आणि पैसे दे. घेणारा घरात असून नसल्यासारखा करी, नाहीतर 'इतर देतील तर मीही देईन' अशा थाटाचं उत्तर देई, आणि नोटरी ते निमूटपणे लिहून घेई. हे लोक एकाच पंथाचे, एकाच गल्लीतले, कित्येकदा व्याही. दहा जणांसमोर गुत्त्यात दिलेला शब्द फिरवला गेला. गोल्डगार यांचं म्हणणं असं की धक्का बसला तो बाजारातल्या पत-भरवशाला. ज्या शहरांचा सगळा व्यापारच शब्दावर चाले तिथे ही गोष्ट लहान नव्हती. पण तिला आर्थिक महासंकट म्हणणं म्हणजे राईचा पर्वत.

एक नाव मात्र पुराव्यादाखल नेहमी पुढे केलं जातं: चित्रकार यान फान गोयेन. करड्या आभाळाखाली नद्या आणि वाळूचे ढिगारे काढणारा मोठा निसर्गचित्रकार. त्याने हेगच्या एका बर्गोमास्टरकडून (म्हणजे नगराध्यक्षाकडून) भाव पडायच्या ऐन तोंडावर कंद घेतले, हे खरं. तो १६५६ मध्ये वारला तेव्हा सुमारे १८,००० गिल्डरचं कर्ज मागे ठेवून गेला, हेही खरं. पण मधे जवळजवळ वीस वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत तो जमीनजुमल्याचे सट्टे खेळत होता. ट्यूलिपमध्ये अडकलेली रक्कम हजाराच्या आतबाहेर. सबंध कर्जाचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. हजारो भिकारी शोधायला निघावं आणि हाती हा एक यावा, तोही जमिनीत बुडालेला.

"हॉलंडची अर्थव्यवस्था कोलमडली"

हा दावा तपासायला आपल्याला फार लांब जायला नको, वेंगुर्ल्याला गेलं तरी पुरे. तिथली डच वखार, जिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, ती १६३७ च्याच सुमाराची. देश म्हणे दिवाळखोरीत निघालेला, आणि त्याच देशाची ईस्ट इंडिया कंपनी कोकणात नवी वखार उघडते, १६३६ पासून जवळजवळ दर मोसमाला गोव्याच्या तोंडाशी आरमार आणून पोर्तुगीजांची नाकेबंदी करते, १६४१ मध्ये मलाक्का घेते. ॲम्स्टरडॅमने १६४८ मध्ये नवा भव्य टाउन हॉल बांधायला घेतला. रेम्ब्राँचं नगररक्षकांचं प्रसिद्ध चित्र १६४२ चं. बुडालेली शहरं अशी चित्रं काढवून घेत नाहीत.

बाजार खरोखर कसा बसतो ते हॉलंडने १६७२ मध्ये पाहिलं, फ्रान्स आणि इंग्लंड एकदम चालून आले तेव्हा. चित्रकार व्हर्मेर त्यात संपला. १६७५ मध्ये तो वारल्यावर त्याच्या बायकोने अर्जात लिहून दिलं आहे की या लढाईमुळे नवऱ्याची चित्रं विकली गेली नाहीत, दुसऱ्यांची विकायला घेतलेली तीही पडून राहिली, आणि पदरात अकरा मुलं. नागवला गेलेला माणूस कागदावर असा दिसतो. १६३७ च्या कागदांत तो दिसत नाही.

"तेव्हाच्या चित्रांतच पुरावा आहे"

दोन चित्रं पाठवली जातात. पहिलं धाकट्या यान ब्रूगलचं, १६४० च्या सुमाराचं. त्यात सगळी माकडं. कोणी कंद तोलतंय, कोणी मेजवानी झोडतंय, एकाला कर्जापायी न्यायालयात नेलंय, एकाची अंत्ययात्रा निघालीय आणि एक माकड उजवीकडे ट्यूलिपवर चक्क मुततंय. चित्र बहारदार आहे. पण ब्रूगल राहायचा अँटवर्पला, म्हणजे स्पेनच्या अंमलाखाली, सीमेपलीकडे, शत्रूच्या मुलखात. शेजाऱ्याची फजिती दुरून रंगवणाऱ्याला आपण पंचनामा करणारा समजायचं का?

दुसरं हेंड्रिक पॉटचं, हे मात्र हार्लेमचं. फुलांची देवी फ्लोरा शिडाच्या गाडीत बसलीय, हातात ट्यूलिप, बरोबर विदूषकी टोप्या घातलेली माणसं. मागून हार्लेमचे विणकर आपले माग तुडवत 'आम्हालाही घ्या' म्हणत धावताहेत. गाडी वाऱ्यावर समुद्राकडे चाललीय. ही गाडी चित्रकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. गणिती आणि इंजिनिअर सायमन स्टेविन याने १६०० च्या थोडं नंतर राजपुत्र मॉरिससाठी खरीखुरी शिडाची गाडी बांधली होती आणि ती स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावरून वाऱ्याच्या जोरावर पळालीही होती. लोकांना ती चांगलीच आठवत असणार. वाऱ्याचा व्यापार आणि वाऱ्याची गाडी, पॉटने दोन्ही जुळवली. व्यंग्य म्हणून अव्वल. पण विणकरांनी खरंच माग मोडले याचा दस्त कुठे आहे?

चित्रांचंच बोलायचं तर रेम्ब्राँच्या १६३२ च्या शवविच्छेदनाच्या चित्रातले डॉक्टर टुल्प आठवा. मूळचे क्लास पीटरसून, हौसेने टुल्प, म्हणजे ट्यूलिप, हे आडनाव घेतलेले, मोहोरेवरही ट्यूलिप. १६३७ नंतरही आडनाव तेच राहिलं, आणि त्या आडनावानिशी ते १६५४ पासून चार वेळा ॲम्स्टरडॅमचे बर्गोमास्टर झाले.

मग ही गोष्ट आली कुठून?

पडझडीनंतर हार्लेममध्ये पत्रकांचा पाऊस पडला. सगळ्यांत गाजलेल्या पत्रकात दोन विणकर बोलतात, एकाचं नाव सत्यमुखी अशा अर्थाचं, दुसऱ्याचं हावऱ्या. कीर्तनातल्यासारखी पात्रं. त्यातला मजकूर १६७० च्या दशकात आब्राहम मुंटिंग या वनस्पतिशास्त्रज्ञाने उचलला, त्याच्यावरून पुढच्या शतकात योहान बेकमान या जर्मन लेखकाने, आणि बेकमानवरून १८४१ मध्ये स्कॉटिश पत्रकार चार्ल्स मॅके याने. मॅकेने लोकांच्या सामूहिक खुळांवर इंग्रजीत खपाऊ पुस्तक लिहिलं. आज आपल्या फोनवर येतं ते त्याचंच मराठीत आलेलं नातवंड. डच कागद मॅकेने पाहिलेच नव्हते.

या मॅकेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पुस्तकानंतर चार-पाच वर्षांतच ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरांचा सट्टा पेटला, ट्यूलिपच्या कितीतरी पट मोठा, आणि त्यात लोकांचे खरे पैसे गेले. मॅके तेव्हा 'ग्लासगो आर्गस' या वर्तमानपत्राचा संपादक होता. सावध करण्याऐवजी त्याच्या पत्राने रेल्वेची भलामणच केली.

राहता राहिलं ते

एक गोष्ट मात्र गार्बरलाही सहज उलगडत नाही, आणि तिच्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नसतो. दुर्मीळ कंदांचे भाव समजू शकतात. पण जानेवारी १६३७ मध्ये साधे, पौंडाने विकले जाणारे, पुरवठ्याला तोटा नसलेले कंदही भडकले. 'विटे क्रोनेन' या किरकोळ जातीचा पौंडाचा भाव महिन्याभरात ६४ गिल्डरवरून सोळाशेच्या वर गेला आणि तितक्याच झपाट्याने खाली आला. हे का झालं यावर अभ्यासक अजून भांडतात. गार्बर म्हणतो, हिवाळ्यातला गुत्त्यांमधला रिकामटेकड्यांचा खेळ होता, प्लेगची साथ चालू होती, माणसं बेफिकीर झाली होती. अर्ल थॉम्पसन या अर्थशास्त्रज्ञाचा तर्क निराळा: थोडी रक्कम भरून सौदा मोडता येईल अशी कुणकुण घेणाऱ्यांना आधीच लागली होती. मग भाव कितीही बोलायला काय जातं? ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या कोणालाही हा तर्क चटकन पटेल. मला तो अर्धाच पटतो, कारण साडेतीन टक्क्यांचा निर्णय यायला पुढे सव्वा वर्ष लागलं, आणि तोवर काय होईल ते हार्लेममध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं.